वैमानिकाची चूक आणि यंत्राची मांडणी : कॉकपिट प्रणालींच्या विकासातील मानव-यंत्र आंतरक्रियेचे मूल्यमापन

प्रस्तावना :

१४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून बंगळूरला गेलेले इंडियन एअरलाइन्सचे ए-३२० जातीचे विमान, उड्डाण क्रमांक ६०५, धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर कोसळले. विमानातील १४६ जणांपैकी ९२ जण मृत्युमुखी पडले. हवा स्वच्छ होती, विमान नवे होते आणि इंजिने सुस्थितीत होती. न्यायालयीन चौकशीने अपघाताचे कारण वैमानिकांच्या वर्तनात शोधले. विमानाचा वेग घटत असताना त्याचे गांभीर्य त्यांच्या वेळीच लक्षात आले नाही आणि इंजिनांचा जोर वाढवण्यास उशीर झाला, असा तिचा आशय होता. मात्र याच चौकशीच्या संदर्भात एक शक्यताही पुढे आली. वैमानिकाला उतरण्याचा दर मिनिटाला ७०० फूट असा द्यायचा असावा. परंतु हात शेजारच्या, उंची ठरवण्याच्या नॉबवर गेला असावा आणि यंत्राला '७०० फूट उंचीवर जा' अशी आज्ञा मिळाली असावी.

बंगळूरचे तेव्हाचे विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २९०० फूट उंचीवर आहे. म्हणजे तसे घडले असल्यास यंत्राने जमिनीच्या पोटात दोन हजार फुटांहून अधिक खोल असलेली उंची कोणतीही हरकत न घेता स्वीकारली. कॉकपिटमधील मानव-यंत्र आंतरक्रियेचे मूल्यमापन म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासाठी हा प्रसंग उपयोगी पडतो. नॉब ठरल्याप्रमाणे फिरला, संगणकाने आज्ञा अचूक पाळली, पडद्याने मोडचे नाव बरोबर दाखवले. अभियांत्रिकी चाचणीच्या अर्थाने प्रत्येक भाग उत्तीर्णच होता. प्रश्न उरतो तो या भागांच्या आणि त्यांच्यासमोर बसलेल्या माणसाच्या दरम्यान काय घडते याचा. त्या प्रश्नाचे उत्तर विमान सेवेत येण्यापूर्वी कसे मिळवावे, याविषयी गेल्या सुमारे आठ दशकांत जे शास्त्र विकसित झाले, त्याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

चुकीकडे पाहण्याची बदललेली दृष्टी :

या शास्त्राची सुरुवात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झाली. बी-१७ या अमेरिकी बॉम्बफेकी विमानाचे वैमानिक धावपट्टीवर सुखरूप उतरल्यानंतर पंखांचे फ्लॅप मिटवण्याऐवजी चाकेच आत घेत आणि विमान पोटावर बसत असे. मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चॅपानिस यांनी कॉकपिट पाहिले, तेव्हा या दोन्ही क्रियांचे खटके शेजारीशेजारी असून हाताला जवळजवळ सारखेच लागतात, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी सुचवलेला उपाय अत्यंत साधा होता. चाकांच्या खटक्याला चाकाच्या आकाराची मूठ आणि फ्लॅपच्या खटक्याला पंखासारखी मूठ बसवावी, म्हणजे न पाहताही हाताला फरक कळेल. आजही प्रवासी विमानांच्या प्रमाणीकरणाच्या नियमांत या दोन मुठींचे आकार ठरवून दिलेले आहेत.

१९४७ साली पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांकडून नियंत्रणे हाताळतानाच्या चुकांचे ४६० अनुभव गोळा करून त्यांचे वर्गीकरण केले. उपकरणे वाचताना झालेल्या २७० चुकांचा त्यांचा वेगळा अहवालही त्याच वर्षीचा आहे. पहिल्या अहवालातील जवळपास निम्म्या चुका एका नियंत्रणाऐवजी दुसरेच हाताळल्याच्या होत्या. त्यामागचे एक कारण वाचून आजचा वाचकही थक्क होतो. बी-२५, सी-४७ आणि सी-८२ या तीन विमानांत थ्रॉटल, प्रोपेलर आणि इंधनमिश्रण यांच्या दांड्यांचा डावीकडून उजवीकडे क्रम तिन्ही ठिकाणी वेगळा होता. एका विमानावर हात बसलेला वैमानिक दुसऱ्यात बसला, की त्याचे कौशल्यच त्याचा घात करी. फिट्स आणि जोन्स यांनी 'वैमानिकाची चूक' हे शब्द आपल्या शीर्षकात अवतरणचिन्हांत घातले होते. या दोन चिन्हांत पुढील संपूर्ण विद्याशाखेची भूमिका सामावलेली आहे, असे म्हणता येईल.

शरीरमापनाच्या क्षेत्रातही असाच एक धडा मिळाला. अमेरिकी हवाई दलाच्या ४०६३ वैमानिकांच्या मापांचा अभ्यास करताना गिल्बर्ट डॅनियल्स यांनी कॉकपिटच्या दृष्टीने महत्त्वाची दहा मापे निवडली आणि या दहाही मापांत 'सरासरी' पट्ट्यात बसणारे किती जण आहेत, हे तपासले. असा एकही वैमानिक आढळला नाही. सरासरी माणसासाठी बनवलेले आसन कोणासाठीच बनवलेले नसते, हे त्यातून उघड झाले आणि आसन, पेडल, पट्टे हे सारे जुळवून घेण्याजोगे असण्याचा आग्रह रुजला. भारतीय हवाई दलात वैमानिकांच्या निवडीच्या वेळीच बसलेल्या स्थितीतील उंची, पायांची लांबी आणि मांडीची लांबी तपासली जाते. यंत्र माणसाला जुळवून घेऊ शकत नाही, तेथे यंत्राला जुळणारा माणूस निवडावा लागतो, हेच त्याचे तात्पर्य.

मोडचा प्रश्न :

खटके आणि तबकड्या यांच्या काळातील चूक निदान डोळ्यांना दिसत असे. १९८०च्या दशकात संगणकीकृत कॉकपिट आले आणि चुकीचे स्वरूप बदलले. एकाच नॉबला, निवडलेल्या मोडनुसार, वेगवेगळा अर्थ येऊ लागला. २० जानेवारी १९९२ रोजी एअर इंटर या फ्रेंच कंपनीचे ए-३२० विमान स्ट्रासबर्गकडे उतरत असताना मों सेंत-ओदील या डोंगराजवळ आदळले. ९६ पैकी ८७ जण दगावले. या विमानात उतरण्याची आज्ञा दोन प्रकारे देता येत असे, उतरणीच्या कोनाच्या रूपात किंवा मिनिटाला किती फूट या दराच्या रूपात. आकडा मात्र एकाच खिडकीत उमटत असे. कोनाच्या मोडमध्ये '३.३' म्हणजे सव्वातीन अंशांची नेहमीची सौम्य उतरण. दराच्या मोडमध्ये '३३' म्हणजे मिनिटाला ३३०० फूट. विमान सुमारे ३३०० फुटांच्याच दराने खाली गेले. निर्णायक पुरावा हाती नसला, तरी मोडविषयीचा गोंधळ हे चौकशी समितीला संभाव्य कारण वाटले. त्यानंतर दराचा आकडा चारही अंकांत दाखवण्याची सुधारणा करण्यात आली.

बंगळूरच्या अपघाताचाही गाभा हाच होता. तेथे विमान ज्या मोडमध्ये होते, त्यात इंजिने किमान जोरावर राहतात आणि वेग सांभाळण्याचे काम विमानाच्या नाकाच्या कोनावर सोपवलेले असते. उतरणीची रेषा राखण्यासाठी वैमानिकाने नाक वर धरले, की वेग घटू लागतो आणि इंजिने आपणहून मदतीस येत नाहीत. त्यात भर अशी, की या विमानात स्वयंचलित जोर-नियंत्रण चालू असताना थ्रॉटलच्या दांड्या जागच्या हलत नाहीत. जुन्या विमानांत त्या हाताखाली मागेपुढे सरकत आणि न पाहता वैमानिकाला इंजिनांची खबर देत. ती खबर आता पडद्यावरील काही अक्षरांत आली होती. दोन वर्षांच्या अंतराने झालेल्या या दोन्ही अपघातांत संशयाचा रोख एकाच अरुंद नियंत्रणफलकाकडे जातो, ही बाब मूल्यमापन करणाऱ्याने विसरू नये.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३ सालीच स्वयंचालनातील विसंगती दाखवून दिली होती. सोपी कामे यंत्राकडे गेली, की माणसाकडे उरतात ती देखरेखीची आणि संकटसमयीची कामे. देखरेख हे माणसाला मुळातच न जमणारे काम, आणि संकट हाताळण्यासाठी लागणारा सराव यंत्राने आधीच काढून घेतलेला. १९९६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन अॅडमिनिस्ट्रेशनने नेमलेल्या गटाचा आधुनिक कॉकपिटविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. मोडची जाणीव हा विषय त्यातही प्राधान्याने आला.

मूल्यमापनाची साधने :

नव्या कॉकपिट प्रणालीचे मूल्यमापन एका दिवशी, एका परीक्षेत होत नाही. आरंभी कार्यविश्लेषण केले जाते. उड्डाणाच्या प्रत्येक टप्प्यावर वैमानिकाला काय पाहावे लागते, काय ठरवावे लागते आणि कोठे हात न्यावा लागतो, याची तपशीलवार नोंद त्यात असते. मग लाकूड, पुठ्ठा किंवा संगणकावरील त्रिमित प्रतिकृती, त्यानंतर एखाद्याच पडद्याचे चालते प्रारूप, पुढे पूर्ण सिम्युलेटर आणि अखेरीस प्रत्यक्ष उड्डाणचाचणी असा प्रवास असतो. अडचण अशी, की जसजसे प्रारूप वास्तवाच्या जवळ जाते, तसतसा बदलाचा खर्च वाढत जातो. पुठ्ठ्यावरचा नॉब सकाळी हलवता येतो. प्रमाणित विमानातील नॉब हलवणे हा करार, प्रशिक्षण आणि वेळापत्रक यांचा विषय होतो. म्हणूनच सर्वांत विश्वासार्ह निष्कर्ष नेमके तेव्हा हाती येतात, जेव्हा ते ऐकण्याची कोणाची तयारी नसते.

मोजमापाच्या साधनांपैकी सर्वांत जुने आणि अद्याप वापरातील साधन म्हणजे जॉर्ज कूपर आणि रॉबर्ट हार्पर यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेली श्रेणी. चाचणी वैमानिकाला क्रमाने तीन प्रश्न विचारले जातात. विमान ताब्यात ठेवता येते का? सुसह्य श्रमांत पुरेशी कामगिरी साधते का? सुधारणेवाचून ते समाधानकारक आहे का? उत्तरांनुसार तो १ ते १० पैकी एका श्रेणीवर पोहोचतो. १ उत्तम आणि १० म्हणजे विमान ताब्यातून जाण्याची स्थिती. या श्रेणीचे बलस्थान असे, की ती मताला शिस्त लावते. परंतु तिचा जन्म विमान हाताने उडवण्याच्या गुणवत्तेसाठी झाला. वैमानिक हात मांडीवर ठेवून पडदे न्याहाळत असेल, तर तिच्याकडे विचारण्यासारखे फारसे उरत नाही.

मानसिक कार्यभारासाठी सॅन्ड्रा हार्ट आणि लोवेल स्टेव्हलँड यांनी १९८८ मध्ये मांडलेली नासा-टीएलएक्स ही प्रश्नावली जगभर रूढ आहे. बौद्धिक ताण, शारीरिक श्रम, वेळेचा दबाव, आपल्या कामगिरीविषयीचे समाधान, घ्यावे लागलेले प्रयास आणि वैताग या सहा अंगांवर वैमानिक गुण देतो. मूळ पद्धतीत या सहांच्या पंधरा जोड्या करून कोणते अंग अधिक महत्त्वाचे, हेही त्यालाच ठरवायचे असते. हे साधन स्वस्त आणि सुटसुटीत आहे, आणि कदाचित म्हणूनच त्याचा अतिवापर होतो. कार्यभार कमी आढळला म्हणजे प्रणाली चांगली, असा सोयीस्कर अर्थ काढला जातो. बंगळूरच्या वैमानिकांना अपघातापूर्वी काही मिनिटे ही प्रश्नावली दिली असती, तर त्यांनी फार मोठे आकडे भरले असते असे मानण्यास आधार नाही. ज्याला संकट दिसलेलेच नाही, त्याला संकटाचा भार जाणवत नाही.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न मिका एन्डस्ली यांच्या परिस्थितीभानाच्या चाचणीत दिसतो. सिम्युलेटरमधील उड्डाण पूर्वसूचनेवाचून मध्येच थांबवायचे, सर्व पडदे कोरे करायचे आणि वैमानिकाला विचारायचे : आता उंची किती आहे, कोणता मोड चालू आहे, पुढील अर्ध्या मिनिटात यंत्र काय करील? उत्तरे सिम्युलेटरच्या नोंदींशी ताडून पाहता येतात, त्यामुळे येथे मताला वाव राहत नाही. पडदे कोरे झाल्यावर अनुभवी वैमानिकालाही चालू मोड सांगता आला नाही, तर तो दोष त्याच्या बुद्धीचा मानून पुढे जाता येत नाही. मोडचे नाव पडद्यावर कोठे, किती मोठे आणि कोणत्या क्षणी उमटते, हे पुन्हा तपासावे लागते. अशी चाचणी उड्डाणाचा ओघ तोडते, हा तिच्यावरील आक्षेप रास्त आहे. नेत्रमागोवा घेणारी उपकरणे ओघ न तोडता वैमानिकाची नजर कोठे, किती वेळ स्थिरावली हे टिपतात. तथापि नजर पोहोचली म्हणजे अर्थ पोहोचला, असे नव्हे. हृदयगतीसारख्या शारीरिक मापांनाही हीच मर्यादा लागू पडते. व्यवहारात यांपैकी कोणतेही एक साधन पुरे पडत नाही, आणि दोन साधने परस्परविरोधी उत्तरे देतात तेव्हा त्या विरोधातच बहुधा खरी माहिती दडलेली असते.

गृहीतकांची परीक्षा :

मूल्यमापनाची साधने हाती असूनही ती चुकीच्या प्रश्नावर वापरली तर काय होते, याचे अलीकडील आणि अतिशय दुःखद उदाहरण बोईंग ७३७ मॅक्स हे आहे. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात लायन एअरच्या विमानातील १८९ आणि १० मार्च २०१९ रोजी इथिओपियन एअरलाइन्सच्या विमानातील १५७ जण मृत्युमुखी पडले. विशिष्ट स्थितीत विमानाचे नाक आपोआप खाली दाबणारी एमकॅस ही प्रणाली एका बिघडलेल्या संवेदकाच्या माहितीवर पुनःपुन्हा कार्यरत झाली. वैमानिकांच्या माहितीपुस्तिकेत तिचे वर्णन नव्हते.

अमेरिकेच्या नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्डाने सप्टेंबर २०१९ मध्ये दिलेल्या अहवालातील निरीक्षण या लेखाच्या विषयाशी थेट संबंधित आहे. निर्मात्याने प्रणालीची चाचणी सिम्युलेटरमध्ये घेतली होती. नाक अकारण खाली गेले, तर वैमानिक काय करतो, हेही पाहिले होते. परंतु ते तपासताना नाक खाली नेणारी हालचाल तेवढी घडवली गेली. ती ज्या संवेदकाच्या बिघाडातून उद्भवेल, त्या बिघाडाचे इतर परिणाम दाखवले गेले नाहीत. प्रत्यक्षात त्या एका बिघाडाबरोबर नियंत्रणस्तंभ थरथरू लागला, वेगाच्या आकड्यांत तफावत असल्याचा इशारा आला, उंचीबाबतही तसाच इशारा आला. चाचणीतील वैमानिकासमोर एक कोडे होते. अपघातातील वैमानिकांसमोर अनेक कोडी एकाच वेळी उभी राहिली आणि त्यांतील कोणते आधी सोडवायचे, हे सांगणारे कॉकपिटमध्ये काही नव्हते. वैमानिक काही सेकंदांत योग्य प्रतिसाद देईल, हे गृहीत धरून धोक्याची श्रेणी ठरवली गेली होती.

लायन एअरच्या त्याच विमानात आदल्या दिवशीच्या उड्डाणातही हाच बिघाड झाला होता आणि ते विमान सुखरूप उतरले. त्या दिवशी कॉकपिटमध्ये एक जादा वैमानिक प्रवास करत होता. त्याच्या हाती कोणतेही नियंत्रण नव्हते. नियंत्रणस्तंभाशी झगडण्याचे काम ज्याच्याकडे नाही, अशा माणसाच्या उपस्थितीची त्या चमूला मदत झाली. मानसिक कार्यभार हा शब्द कागदी वाटत असेल, तर या दोन दिवसांची तुलना करावी.

इशाऱ्यांच्या बाबतीतही हीच गोष्ट १ जून २००९ रोजी अटलांटिक महासागरात कोसळलेल्या एअर फ्रान्सच्या ए-३३० विमानात दिसली. त्या अपघातात २२८ जण दगावले. विमानाचा मोजलेला वेग ६० नॉटच्या खाली गेला, की संगणक कोनाची माहिती अग्राह्य मानी आणि विमान तोल गमावत असल्याचा इशारा बंद पडे. वैमानिकाने नाक खाली करण्याची योग्य कृती केली, की वेगाचा आकडा पुन्हा ग्राह्य होऊन इशारा सुरू होई. योग्य कृतीला ओरडा आणि अयोग्य कृतीला शांतता, असा विपरीत संवाद तेथे घडला. प्रत्येक संगणकीय नियम स्वतंत्रपणे तर्कशुद्धच होता. तो तर्क माणसाच्या कानाला कसा ऐकू येईल, हे त्या अवस्थेपर्यंत जाऊन कोणी ऐकले नव्हते.

नियम आणि परीक्षक :

युरोपीय विमान सुरक्षा संस्थेने २००७ मध्ये आणि अमेरिकेने २०१३ मध्ये मोठ्या विमानांच्या प्रमाणीकरणात २५.१३०२ हा नियम समाविष्ट केला. नियंत्रणे आणि माहिती वैमानिकाला वापरता येईल अशा स्वरूपात असावी, यंत्राचे वर्तन अंदाज बांधता येण्याजोगे आणि निःसंदिग्ध असावे, आणि वैमानिकाकडून होऊ शकणाऱ्या चुका ओळखून निस्तरण्याची सोय असावी, असा त्याचा मथितार्थ आहे. चूक होणारच, हे कायद्याच्या भाषेत मान्य करणे ही त्यातील मोठी गोष्ट. मात्र जुन्या जातीच्या सुधारित आवृत्तीला प्रत्येक नवा नियम लागू होतोच असे नाही. १९६०च्या दशकातील मूळ आराखड्यातून पुढे आलेल्या ७३७च्या बाबतीत हा मुद्दा कळीचा ठरला.

राहिला प्रश्न परीक्षकाचा. विकासाच्या काळात कॉकपिटमध्ये बसणारे चाचणी वैमानिक हजारो तासांचा अनुभव असलेले, त्या प्रणालीच्या अभियंत्यांशी रोज बोलणारे आणि 'आज काहीतरी बिघडणार आहे' हे ठाऊक असलेले असतात. त्यांची निरीक्षणे अनमोल असतात, परंतु मध्यरात्रीच्या चौथ्या फेरीतील सहवैमानिकाचे प्रातिनिधित्व ते करू शकत नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकी काँग्रेसने संमत केलेल्या विमान प्रमाणीकरणविषयक कायद्यात, अशा मूल्यमापनात विमान प्रत्यक्ष चालवणाऱ्या कंपन्यांचे आणि वेगवेगळ्या अनुभवाचे वैमानिक असावेत, अशी तरतूद केली गेली, ती याच जाणिवेतून. भारतात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना २०० तासांच्या उड्डाणानुभवावर मिळतो, आणि त्यानंतर विमानाच्या जातीचे प्रशिक्षण घेऊन तो वैमानिक ए-३२० किंवा ७३७च्या उजव्या आसनावर बसतो. मूल्यमापनाच्या सिम्युलेटरमध्ये त्याच्यासारखा कोणी बसला होता का, बसला असल्यास त्याला बिघाडाची पूर्वसूचना दिली होती का, आणि बिघाडाबरोबर येणारे सर्व इशारे एकाच वेळी वाजवले होते का, हे तीन प्रश्न विमान खरेदी करणाऱ्या कंपनीला आणि त्याला मान्यता देणाऱ्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला निर्मात्याच्या कागदपत्रांत शोधता येण्याजोगे आहेत.